मणीदार फुलपाखरू, टॅटिंगमधील
शटल टॅटिंग या गाठींच्या लेसकामातील कीटक-नमुना. १९व्या शतकात युरोपात लोकप्रिय झालेल्या या कामात होडीच्या आकाराच्या छोट्या शटलवर दोरा गुंडाळतात आणि डाव्या हाताच्या बोटांभोवतीच्या फासावर अर्ध्या गाठींच्या जोड्या घालत जातात. प्रत्येक गाठ हलक्या झटक्याने हातावरच्या दोऱ्यावर उलटावी लागते. ती शटलच्या दोऱ्याचीच राहिली, तर कडी आवळत नाही. खरे कसब इथेच आहे.

मणी आधीच ओवून ठेवतात. पंखाची कडी सुरू करण्यापूर्वी तिला लागतील तेवढे मणी बोटांवरच्या फासात सरकवून घ्यायचे. मग गाठींमध्ये सोडलेल्या प्रत्येक सैल घरात, म्हणजे पिकॉटमध्ये, एकेक मणी बसतो. चार कड्यांचे चार पंख, मण्यांच्या ओळीचे धड, उरलेल्या दोऱ्याच्या मिशा. जड मण्यांनी पंख लोंबतात, म्हणून बारीक काचमणीच घ्यावेत.

सह्याद्रीत आढळणारे ब्लू मॉर्मन २०१५पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. या नमुन्यासाठी ते फार जुळते: काळ्या पंखांसाठी काळा दोरा, निळसर ठिपक्यांसाठी फिकट निळे मणी, आणि मागचे पंख मणी थोडे अधिक घालून भरायचे.