वसईचे पडके चर्च आणि आपण

वसई रोड स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडले की माणिकपूर लागते. येथे सेंट मायकल चर्चची जुनी, नांदती वस्ती आहे. तेथून पापडीमार्गे किल्ल्यात गेलो की चित्र पालटते. खाडीच्या मुखाशी सेंट जोसेफचा उंच मनोरा, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि जेझुइट पाद्र्यांची चर्चेस, पोर्तुगीज अधिकाऱ्यांचे वाडे, सारे छपराविना उभे आहे.

या किल्ल्याशी आम्हा मुसलमानांचेही नाते आहे. वसई आधी गुजरातच्या सुलतानाची. हुमायूनच्या धास्तीने बहादूरशहाने पोर्तुगीजांशी तह केला आणि २३ डिसेंबर १५३४ रोजी वसई त्यांना दिली. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी वसईत परवाना घ्यावा, असे एक कलम होते. हाजींची वाटही त्याच समुद्रातून जाई. दोन मुसलमान राजांच्या वैरात लाभ तिसऱ्याचा झाला. इतिहासात केवळ धर्मयुद्धेच पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पुढे दोनशे वर्षे वसई पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. त्या काळात देवळे पाडली गेली, धर्मांतरे झाली. ते झाकण्याचे कारण नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून देवळांत गेल्या. पण मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मुभा तहात मिळाली, हेही तितकेच खरे.

पोर्तुगीज गेले, रयत राहिली. तिने धर्म सोडला नाही आणि मराठीही सोडली नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक चालवले, बायबल सुबोध मराठीत आणले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या धर्मावरून काहींनी काहूर उठवले. तो प्रश्न आम्हांला ओळखीचा आहे: तुम्ही मराठी कसे?

उत्तर माणिकपुरात आहे. सत्तेच्या बळावर उभे राहिलेले किल्ल्यात ढासळले. लोकांनी आपल्या बोलीत जपलेले अजून नांदते आहे. आम्हीही घरात, मोहल्ल्यात आणि लिखाणात मराठी जपली, तर त्या प्रश्नाला वेगळे उत्तर देण्याची गरज उरणार नाही.