बोनेट पाहू नका, मागचा ॲक्सल पाहा

तुम्ही अमरावतीहून अकोल्याकडे निघालात. याच महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत एका मार्गिकेचं ७५ किलोमीटर डांबरीकरण होऊन विश्वविक्रम झाला होता. बडनेरा सुटलं, तसा दुभाजक नाहीसा होतो. मूर्तिजापूरपुढे अरुंद रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागते. साल आहे १९७४.

अकोल्यातल्या एका गॅरेजात हिरवी जीप उभी आहे. ती महायुद्धातली विलीज आहे, असं मालक छातीठोकपणे सांगतो. तुम्ही समोरची जाळी निरखू लागता, तोच मिस्त्री हाक मारतो, "बोनट काहून पायता भाऊ? मांगं या."

तुम्ही पोत्यावर आडवे होऊन खाली सरकता. डिफरन्शियलचा गोळा मधोमध नाही, उजवीकडे आहे. पण तो लष्करी विलीजमध्ये आणि महिंद्राच्या सीजे-३बीमध्येही तिकडेच असतो, म्हणून त्यावरून निकाल लागत नाही.

मिस्त्री चाकाची टोपी काढतो. लष्करी जीपच्या हबवर सहा बोल्टांनी आवळलेली चकती बाहेर आलेली दिसते. तिथे गाडीचं वजन हाउसिंग पेलतं, त्यामुळे शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. इथे मात्र मधोमध एकच मोठा नट आणि त्यात कॉटर पिन आहे.

आता दुसरी परीक्षा. गाडी न्यूट्रलमध्ये, एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची रेघ. मिस्त्री उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवतो, तुम्ही रेघेवर नजर ठेवता. लष्करी जीपमध्ये क्राउनला ३९ आणि पिनियनला ८ दाते, म्हणून शाफ्टचे पाच फेरे पुरते भरत नाहीत. इथे पाच भरतात आणि रेघ तिसऱ्या हिश्शाहून थोडी पुढे जाऊन थांबते. म्हणजे ४३ आणि ८, प्रमाण ५.३८.

"लढाईतली नाही जी. महिंद्राची हाये, पण ॲक्सल मूळचाच हाये."

यात कमीपणा काहीच नाही. अमेरिकेत सीजे-३बीचं उत्पादन १९६८ मध्ये थांबलं, महिंद्राने ते इथे चालू ठेवलं. ५.३८ च्या प्रमाणाने वेग कमी मिळतो, पण ओढ जबरदस्त. काळ्या मातीच्या चिखलाला आणि १९७४ मध्येच व्याघ्र प्रकल्प झालेल्या मेळघाटातल्या चढांना हीच ओढ लागते.

आज तुमच्या वाड्यात अशी जीप असेल, तर महामार्गावर पळवायच्या हौसेपायी मागचा ॲक्सल भंगारात घालू नका. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं प्रमाण जुळत नसेल, तर फोर-व्हील लावताच ट्रान्सफर केसवर ताण येतो. रंग आणि जाळी बाजारात पुन्हा मिळतात. मूळचा ॲक्सल गेला, तर त्या जीपचा सर्वांत भरवशाचा पुरावा गेला.