'डीप' आणि 'दुबुस' : इंग्रजी व लिथुआनियन भाषांतील खोलीवाचक शब्दांचा इतिहास

इंग्रजीतील 'डीप' या विशेषणाला आजच्या लिथुआनियन भाषेत 'गिलुस' हा प्रतिशब्द आहे. नदी, जखम, झोप, विचार अशा सर्वांना तो लागतो. मोजता येणाऱ्या खोलीसाठी 'गीलिस' आणि अथांग पाण्यासाठी 'गेलमे' हे त्याच कुळातील शब्द होत. द्वैभाषिक कोशाला एवढे पुरेसे असते. तथापि 'गिलुस' आणि 'डीप' यांचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने काहीही संबंध नाही. 'डीप'चा खरा सजातीय शब्द 'दुबुस' हा असून त्याचा रूढ अर्थ 'आत दबलेला, खोलगट' असा आहे. प्रतिशब्द आणि सजातीय शब्द यांत गल्लत करण्याची सवय आपल्याकडील तौलनिक लेखनातही आढळते. म्हणून हे उदाहरण उद्बोधक ठरते.

'दुबुस'च्या परिवारात 'दुओबे' (खड्डा), 'दाउबा' (घळ) आणि 'दुब्ती' (खचणे, पोकळ होणे) हे शब्द येतात. जर्मानिक शाखेत गॉथिक 'दिउप्स', प्राचीन इंग्रजी 'देओप' ही रूपे असून इंग्रजीतील 'डिप', 'डाइव्ह' हे शब्दही याच धातूकडे नेले जातात. लिथुआनियन 'ब' आणि इंग्रजी 'प' यांतील भेद याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमानुसार स्पष्ट होतो : मूळचा 'ब' जर्मानिक शाखेत 'प' झाला. केल्टिक शाखेत अर्थाने वेगळेच वळण घेतले. गॉलिश भाषेत 'दुब्नो' म्हणजे 'खोल' आणि त्यावरून 'जग'. सीझरच्या लेखनातून परिचित असलेल्या दुम्नोरिक्स या सरदाराच्या नावात हाच शब्द आहे. 'खोल' आणि 'खोलगट' ही जोडी मराठीत सहज नांदते. त्यामुळे लिथुआनियनमधील अर्थच्छटा मराठी अभ्यासकास परकी वाटू नये.

या धातूला भाषाविज्ञानात विशेष महत्त्व आहे. मूळ भारत-युरोपीय भाषेत 'ब' हा ध्वनी कमालीचा दुर्मिळ मानला जातो आणि त्याची जी मोजकी भरवशाची उदाहरणे दिली जातात, त्यांत हा धातू अग्रभागी असतो. ही दुर्मिळता हा १९७३ मध्ये गाम्क्रेलिद्झे व इव्हानोव्ह आणि स्वतंत्रपणे हॉपर यांनी मांडलेल्या कंठद्वारीय उपपत्तीचा एक आधार होता. पुढे व्हेर्नर विंटर यांनी असा नियम मांडला की, मूळच्या घोष अल्पप्राण स्पर्शापूर्वीचा स्वर बाल्टिक शाखेत दीर्घ होतो. त्यानुसार 'दुबुस'मधील पहिला 'उ' दीर्घ हवा. प्रत्यक्षात तो ऱ्हस्व आहे. नियमाला अपवाद मानावा की मूळ ध्वनीच 'ब' नव्हता असे म्हणावे, हा पेच त्यातून उभा राहतो. नियमाच्या मर्यादा अधिक काटेकोर ठरविणे हाच मार्ग सयुक्तिक दिसतो. कारण 'ब' सोडून दिल्यास जर्मानिक 'प'ची उपपत्ती लावणे कठीण जाते.

एवढा भार ज्या साक्षीवर आहे, तिची लिखित परंपरा मात्र अर्वाचीन आहे. मार्तिनास माझ्व्हीदास यांचे पहिले लिथुआनियन मुद्रित पुस्तक १५४७ मध्ये क्योनिग्जबर्ग येथे निघाले. १८५२ मध्ये आउगुस्ट श्लायशर यांनी पूर्व प्रशियातील खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांच्या तोंडची भाषा अभ्यासली. रशियन साम्राज्यात १८६४ ते १९०४ या काळात लॅटिन लिपीतील लिथुआनियन छपाईवर बंदी होती आणि पुस्तके सीमेपलीकडून चोरून आणली जात. काझिमिएरास बूगा यांच्या शब्दसंग्रहाच्या पायावर उभा राहिलेला वीस खंडांचा महाकोश १९४१ मध्ये सुरू होऊन २००२ मध्ये पुरा झाला.

लिथुआनियनचा उल्लेख आपल्याकडे बहुधा संस्कृतच्या संदर्भात होतो : 'सूनुस'–सूनु, 'अविस'–अवि, 'दूमास'–धूम. खोलीच्या बाबतीत ही जोडी उपयोगी पडत नाही, कारण या धातूचा निःसंशय वारस संस्कृतात मिळत नाही. 'तळ' या अर्थाच्या शब्दांत तर उलटापालटच झालेली दिसते. इंग्रजी 'बॉटम' हा संस्कृत 'बुध्न' आणि लॅटिन 'फुंदुस' यांचा आप्त आहे. लिथुआनियन 'दुग्नास' हा जुन्या 'दुब्नास'पासून आलेला, म्हणजे 'डीप'चा भाऊबंद.