हिमालयातला पूल परळला कसा आला?

तुमच्यापैकी जे हिमालयात ट्रेकला जाऊन आलेत, त्यांना तिथले पूल नक्की आठवत असतील. ओढ्यावर नुसते दोन-तीन ओंडके टाकलेले. कुठे दोन्ही काठांवर दगड रचून, त्यातून एकावर एक पुढे काढलेली लाकडं आणि मधल्या फटीवर फळ्या. कुठे तारांवरचा झुला, जिथे गाईड ओरडून सांगतो, "एकेक जण या!" आणि गाडीरस्त्याजवळ, मोठ्या नदीवर, दोन्ही बाजूंना लोखंडी जाळीच्या भिंती असलेला, जीप गेली की खडखडणारा पूल.

आजची गोष्ट या शेवटच्या पुलाची. याला म्हणतात बेली पूल.

डोनाल्ड बेली हा ब्रिटिश युद्ध खात्यातला इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात मागे हटणारं सैन्य जाता जाता पूल उडवून द्यायचं, आणि पाठलाग करणाऱ्यांना तिथे लगेच पूल हवा असायचा. बेलीने उत्तर काढलं ते एकसारख्या तुकड्यांचं. एक तुकडा दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजन साधारण २६० किलो, म्हणजे सहा जणांनी उचलावा असा. तुकड्याला तुकडा जोडायचा तो जाड पोलादी पिनांनी. वेल्डिंग नको, क्रेन नको. एका काठावर पूल जोडत जायचा आणि रोलरवरून पुढे ढकलत समोरच्या काठाला टेकवायचा.

युद्ध संपलं, पण ही युक्ती डोंगराळ मुलुखात कामाला येत राहिली. कारण सरळ आहे. अरुंद घाटरस्त्याने मोठा गर्डर नेता येत नाही, हे तुकडे मात्र ट्रकमध्ये मावतात. ७ फेब्रुवारी २०२१ ला उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात ऋषीगंगेला लोंढा आला आणि रैणी गावाजवळचा पूल वाहून गेला. पलीकडची तेरा गावं तुटली. सीमा रस्ते संघटनेने तिथे २०० फुटी बेली पूल टाकला आणि मार्चच्या सुरुवातीला रस्ता चालू झाला. वायनाडचं तर तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. २०२४ च्या दरडीनंतर चूरलमलाला १९० फुटी पूल सुमारे ३१ तासांत उभा राहिला. त्या कामावर होत्या मद्रास सॅपर्सच्या मेजर सीता शेळके, आपल्या नगर जिल्ह्यातल्या.

आता डोंगरातून खाली या. सांताक्रूझला चर्चगेटकडे जाणारी स्लो लोकल पकडा. सहावं स्टेशन प्रभादेवी, म्हणजे तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड. २९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. साडेदहाच्या सुमारास जोराचा पाऊस आला. छत्री नसलेले लोक परळला जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यातच थांबले, आणि मागून गाड्या भरभरून माणसं येत राहिली. त्यात चेंगराचेंगरी झाली. तेवीस जण गेले. एका जखमी मुलीने चौकशीत सांगितलेली गोष्ट तेव्हा छापून आली होती: कुणीतरी ओरडलं "फूल गिर गया", आणि लोकांना ऐकू आलं "पूल गिर गया".

पण पूल पडलाच नव्हता. तो शेवटपर्यंत जागेवर उभा होता. झुल्यावर आपण विचारतो, हा आपलं वजन पेलेल ना? एल्फिन्स्टनला प्रश्न वजनाचा नव्हता, रुंदीचा होता. आजूबाजूच्या गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी ऑफिसांचे टॉवर आले, रोज उतरणाऱ्यांची गर्दी वाढत गेली. जिना तेवढाच राहिला.

३१ ऑक्टोबरला जाहीर झालं की इथला पूल लष्कर बांधणार. एल्फिन्स्टनसोबत करी रोड आणि आंबिवलीलाही. काम आलं खडकीच्या बॉम्बे सॅपर्सकडे, आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला पूल लोकांसाठी खुला झाला. चार महिनेसुद्धा लागले नाहीत. नदीऐवजी खाली रुळ होते, एवढाच फरक. पूल तोच, बेली!

तेव्हा वादही झाला. पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री कॅप्टन अमरिंदर सिंग, जे स्वतः लष्करात होते, म्हणाले की लष्कराचं काम युद्धाची तयारी करणं आहे. दुसऱ्या बाजूला, रोज तिथून जाणाऱ्याला पूल कोण बांधतंय यापेक्षा तो कधी होतोय हे महत्त्वाचं होतं. दोन्ही म्हणणी खरी आहेत.

मला मात्र वेगळी गोष्ट खटकते. बेली पूल हा मुळात "नंतर"चा पूल आहे. शत्रूने पूल उडवल्यानंतरचा, लोंढा येऊन गेल्यानंतरचा. रैणीत लोंढा येणार हे आदल्या दिवशी कुणाला ठाऊक नव्हतं. एल्फिन्स्टनची गर्दी मात्र रोज ठरल्या वेळी येत होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तिथे आणीबाणीचा पूल आणावा लागला, कारण साधा पूल वेळेत झाला नाही.

म्हणून पुढच्या ट्रेकला बेली पूल लागला, तर त्याच्या तोंडाशी लावलेली पाटी जरूर वाचा. किती टन वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. आणि परत आलात की आपल्या स्टेशनचा जिना बघा. एका मिनिटाला इथून किती माणसं सुखरूप उतरू शकतात, हे सांगणारी पाटी कुठे दिसते का? दिसली तर आम्हाला फोटो पाठवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!