तेल कुठून गळतं?

मंडळी, बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगितलं तर हसाल. गेला महिनाभर मी कराडला एका जुन्या मोटारीखाली वर्तमानपत्रं पसरत होतो.

मोटार आमच्या दादांची. प्रीमियर पद्मिनी, १९८६ साली घेतलेली. दादा गेल्या वर्षी गेले. पुतण्या म्हणतो, गाडी ठेवू या. वहिनी म्हणतात, फरशीवरचा तेलाचा डाग घासून हात दुखले, भंगारात द्या. या डागाला आमच्या घरातलं एक जुनं भांडणही चिकटलेलं आहे. घरच्यांना ते ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. १९९५ साली आमच्या आतेभावाने या गाडीचं इंजिन उतरवून काम केलं. त्याचं तेव्हा गॅरेज होतं. पुढे इंजिनाच्या मागच्या बाजूने तेल गळायला लागलं आणि दादांनी निष्कर्ष काढला की यानं मागचं ऑइल सील धड बसवलं नाही. तो म्हणाला, "दादा, माझं सील बरोबर आहे." शब्दानं शब्द वाढला आणि येणं-जाणं तुटलं. मी दादांच्या बाजूला होतो.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाटची अकराशे ही गाडी बनू लागली, आणि तिचंच नाव सत्तरीच्या दशकात पद्मिनी झालं. चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांच्या ओळखीची. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले.

त्या काळच्या गाड्यांखाली तेलाचा थेंब दिसला तर कुणी फारसं मनावर घेत नसे. अडचण अशी की इंजिनातला मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, आतून बाहेर यायला हवा, मिनिटाला हजारो वेळा फिरायला हवा, पण त्याच्याबरोबर तेल बाहेर यायला नको. यासाठी माणसाने नाना उपाय केले. काही इंजिनांत दांड्यावरच उलटे आटे पाडत, म्हणजे फिरता फिरता तो तेल परत आत ढकले. काहींत अॅस्बेस्टॉसचा दोर गुंडाळत. आणि काहींत चक्क चामडं असे. जर्मनीतल्या वाइनहाइम गावी फ्रॉइडेनबर्ग नावाचा कातडी कमावण्याचा जुना कारखाना होता. १९२९ च्या मंदीच्या सुमारास कातड्याचा धंदा बसला, तेव्हा त्यांनी कातड्याची सीलं करायला घेतली. तिशीच्या दशकात कातड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. आज गाडीत असतं ते ओठासारखी कड असलेलं सील त्याच वंशातलं. आमच्या पिढीला स्टोव्हच्या पंपातला चामड्याचा वायसर आठवत असेल. तो वाळला की पंप हवा धरत नसे, मग आई त्यावर गोडेतेलाचे दोन थेंब सोडायची. तत्त्व तेच.

दुसरा इतिहास इंजिनाच्या श्वासाचा. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा जळका वायू खाली तेलाच्या जागेत झिरपतोच. त्याला वाट दिली नाही तर आत दाब वाढतो आणि तेल जिथं पॅकिंग कमजोर असेल तिथून बाहेर पडतं. पूर्वी ही वाट म्हणजे खाली रस्त्याकडे तोंड केलेली एक उघडी नळी असे. अमेरिकेत त्या काळी प्रत्येक लेनच्या मधोमध तेलाचा काळा पट्टा पडलेला असायचा, तो यामुळे. मग धुराचं प्रदूषण ध्यानात आलं आणि कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून हा वायू पुन्हा इंजिनातच नेऊन जाळायला सुरुवात झाली. आमच्या गाडीत ही वाट म्हणजे एअर फिल्टरकडे जाणारी एक रबरी नळी. ब्रीदर. ती अधूनमधून साफ करायची असते, हे आमच्या घरी कुणालाच ठाऊक नव्हतं.

तर कराडात दोन गॅरेजवाल्यांनी खालून बॅटरी मारून एकच सांगितलं: मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तिसरे एक म्हातारे मिस्त्री भेटले. ते म्हणाले, "सर, तेल खाली उतरतं आन् वाऱ्यानं मागं पळतं. जिथं ठिपकतं तिथं गळत नसतं. वरनं आन् म्होरनं बघत यायचं."

त्यांनी इंजिन डिझेलने धुतलं, पुसून कोरडं केलं आणि त्यावर अंगाला लावायची साधी पावडर उडवली. मग गाडी फिरवून आणायला सांगितली. परत आल्यावर बघतो तर पांढऱ्या पावडरीवर एक काळी रेघ. वर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेली, इंजिनाच्या पाठीवरून उतरून थेट गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी गेलेली. थेंब तिथे पडत होता. कव्हरखालचं कॉर्कचं पॅकिंग आवळून आवळून चिरडलं होतं. आणि ब्रीदरची नळी आतून काजळीने जवळजवळ बुजली होती. नवं पॅकिंग, नवी नळी, मजुरी, सगळं मिळून हजाराच्या आत झालं. गिअरबॉक्सला हातही लागला नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र कोरडं.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. मुलांना सांगायचो, आजच्या पुराव्यावरून कालचा निकाल देऊ नका. आज तेल वरून गळतंय, म्हणून १९९५ साली सील बरोबर होतं असं ठरत नाही. पण दादा बँकेतले. गाडीच्या खर्चाची वही त्यांनी शेवटपर्यंत ठेवली होती. ती काढली.

दादा नेहमी सांगत, "काम करून आणली त्या आठवड्यापासून गळतेय." इंजिनाचं काम १९९५ च्या मे महिन्यातलं. वहीत 'तेल गळती' हा शब्द पहिल्यांदा येतो १९९७ च्या जानेवारीत. मधल्या दीड वर्षाहून अधिक काळात सर्व्हिसिंगखेरीज एक लिटरही तेल घातल्याची नोंद नाही. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी दादांच्याच अक्षरात: 'टॅपेट कव्हर आवळले.' गिअरबॉक्स उतरवल्याची नोंद कुठेही नाही, म्हणजे आतेभावाने बसवलेलं सील आजही तिथेच आहे, आणि कोरडं आहे. ब्रीदर हा शब्द तर सबंध वहीत नाही.

दादा खोटं बोलत नव्हते. राग आधी आला आणि आठवण त्याच्या मागे जाऊन बसली. असं होतं. पण वही त्यांच्या कपाटात होती, आणि साधनं तपासा म्हणून वर्गात घसा कोरडा करणारा मी, ती एकदाही मागितली नाही.

परवा वही घेऊन आतेभावाकडे गेलो. गॅरेज त्यानं केव्हाच बंद केलंय. चष्मा लावून त्यानं पानं नीट पाहिली. मला वाटलं होतं, तो चिडेल किंवा रडेल. तो एवढंच म्हणाला, "मला माहीत होतंच रे. तू तेव्हा एकदा येऊन बघितलं असतंस, तर दादा तुझं ऐकले असते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा झाला. मग त्यानं विचारलं, नवं कॉर्क किती आवळलंय? मी म्हटलं, मिस्त्रींनी बेतानंच आवळलंय. "बरं केलं," म्हणाला, "ते आवळलं की फाटतं."

रविवारी तो गाडी बघायला येणार आहे. वहिनींनी त्याला जेवायलाच बोलावलंय. गाडी ठेवायची की नाही, ते नंतर बघू.

असो.