एडिसनमधील द्विभाषिक घर : बाळाशी कोणत्या भाषेत बोलावे?

न्यू जर्सीतील एडिसनच्या ओक ट्री रोडवर गुजराती, हिंदी, तेलुगू सहज कानी पडतात. मराठीचा मुख्य आधार मात्र घरच असते. आई मराठी व वडील गुजराती असल्यास ‘एक व्यक्ती, एक भाषा’ ही पद्धत सोयीची ठरते. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल रोंझा मुलाशी फ्रेंच आणि त्यांची पत्नी जर्मन बोलत असे. या प्रयोगावरील त्यांचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला.

आईवडील दोघेही मराठी असल्यास घरात मराठीच बोलावी. इंग्रजी पाळणाघरातून व शाळेतून येतेच. मूल दोन भाषांतील शब्द मिसळते, तो गोंधळ नव्हे. दोन भाषांमुळे वाचादोष जडत नाही. बोलण्यास विलंब वाटल्यास मराठी बंद न करता वाचातज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. तीन वर्षांखालील बालकांसाठी राज्याची ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ सेवा आहे.

खरी कसोटी शाळा सुरू झाल्यावर लागते. मूल इंग्रजीत उत्तर देऊ लागले, तरी पालकांनी मराठी सोडू नये. नातवंडाने आजीशी दुभाष्याविना बोलावे, हे या सातत्यावरच अवलंबून असते.