शाळकरी मुलांचा कान आणि त्यांच्यावरील ठपका

शाळकरी मुलाच्या मध्यकर्णात साचणारा द्रव वैद्यकाच्या नजरेतून दीर्घकाळ निसटत राहिला. कारण या विकारात बहुधा ठणका नसतो, ताप नसतो, कानातून पूही वाहत नाही. मूल फक्त कमी ऐकते, हाकेला ओ देत नाही, आणि शाळेच्या दप्तरी त्याची गणना मठ्ठ किंवा उनाड मुलांत होऊन जाते. व्याधीचे खापर मुलाच्या स्वभावावर फोडण्याचा हा अन्याय ज्या संशोधनाने क्रमाक्रमाने दूर केला, त्याचा इतिहास पालकांनी व शिक्षकांनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे.

घसा आणि मध्यकर्ण यांना जोडणाऱ्या नलिकेचे सविस्तर वर्णन सोळाव्या शतकात इटलीतील बार्तोलोमेओ यूस्टाकी याने केले. तथापि ही नलिका एरवी मिटलेली असते आणि गिळताना उघडते, हे प्रतिपादन करण्यास एकोणिसाव्या शतकात लंडनचा जोसेफ टॉइन्बी यावा लागला. नलिका उघडेनाशी झाली की आतील हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि पोकळीत द्रव पाझरू लागतो. व्हिएन्नाच्या आडाम पोलिट्झरने १८६३ मध्ये रबरी फुग्याच्या साहाय्याने नाकावाटे हवा दाबून ही वाट मोकळी करण्याची युक्ती प्रसिद्ध केली. बालवयात ही नलिका आखूड व जवळजवळ आडवी असते, आणि टाळू दुभंगलेली असल्यास तिला उघडणारे स्नायू आपले काम नीट करू शकत नाहीत. सबब अशा मुलांना धोका अधिक.

परंतु वाट अडते ती कशाने, या प्रश्नाचे मोठे उत्तर कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयरने १८६८ मध्ये दिले. कमी ऐकणाऱ्या आणि चोंदलेल्या नाकाने बोलणाऱ्या एका तरुणीच्या टाळूमागे बोट घालून पाहता त्याला नाकाच्या मागील पोकळीत मऊ मांसल वाढ लागली. हीच ती पुढे अॅडिनॉइड या नावाने घरोघरी परिचित झालेली ग्रंथी. मेयर एवढ्यावर थांबला नाही. त्याने शाळांतील मुले तपासली आणि ही वाढ बालवयात वारंवार आढळते असे दाखवून दिले. तोंड उघडे टाकून श्वास घेणारे, झोपेत घोरणारे, चेहऱ्याने सुस्त भासणारे मूल बुद्धीने मंद नसून त्याचे नाक आणि कान अडलेले असू शकतात, हा या शोधाचा नैतिक अर्थ होता. १८९५ मध्ये मेयर निवर्तल्यावर कोपनहेगनमध्ये त्याचे स्मारक उभे राहिले, यात नवल नाही.

पुढे इंग्लंडात १९०७ च्या कायद्याने शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. १९४६ मध्ये कोपनहेगनच्याच ऑटो मेट्झने पडद्याचा ध्वनीला होणारा अवरोध मोजण्याचे शास्त्र मांडले, आणि त्यातून मुलाच्या उत्तरावर विसंबून न राहता द्रवाचा सुगावा लावणारी तपासणी विकसित झाली. अमेरिकेत बेव्हर्ली आर्मस्ट्राँगने १९५४ मध्ये पडद्यात बारीक प्लास्टिकची नळी बसवण्याचा इलाज पुढे आणला. मोजमाप हाती आल्यावर कारणांची छाननीही व्यापक झाली: हिवाळा व वारंवार होणारे पडसे, अनेक मुले एकत्र राहणारी पाळणाघरे, वाढलेले अॅडिनॉइड, आणि घरातील तंबाखूचा धूर. पालकांच्या धूम्रपानाचा मध्यकर्णातील द्रवाशी असलेला संबंध अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९८६ च्या अहवालातही नोंदलेला आहे.

या यादीत मुलाच्या आळसाला कोठेही स्थान नाही. त्यातील काही गोष्टी शरीररचनेच्या आहेत आणि वाढत्या वयाबरोबर त्यांचा जोर बहुधा ओसरतो. द्रवही पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप जिरतो. मात्र तो महिनोन्‌महिने टिकला, तर वर्गात शिकवलेले निम्मेशिम्मे कानी पडते, आणि त्या तुटीची भरपाई मुलाला शिक्षा करून होत नाही. म्हणून "लक्ष देत नाही" असा शेरा प्रगतिपुस्तकात लिहिण्यापूर्वी त्या मुलाचे कान तपासून घेणे, हे शिक्षकाचे आणि पालकाचे पहिले कर्तव्य होय. आणि मुलाच्या खोलीतून विडी-सिगारेटचा धूर कायमचा हद्दपार करणे, हे वडीलधाऱ्यांचे.